टाकीवर राहिलेलं पिस्तूल

नेमबाजीच्या रेंजवर मला माझ्या पाठीमागे संडासबाई म्हणतात. मला ते माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. पिस्तूल बाळगायचा परवाना हवा असणाऱ्यांना मी दोन दिवसांचं शिक्षण देते. बावीस वर्षं देतेय. त्यातला पाऊण तास मी फक्त एवढंच सांगते, की संडासात बसताना कमरेचं पिस्तूल कुठे ठेवायचं. लोक हसतात. हसू देत. नेम धरायला कोणीही शिकवेल. पण माणूस दिवसातून चार वेळा पट्टा सैल करतो आणि तेव्हा त्याच्या कमरेला पाऊण किलोचं भरलेलं हत्यार लटकत असतं, हे कोणी सांगत नाही. मग तो ते होल्स्टरमधून काढतो आणि ठेवतो फ्लशच्या टाकीवर. उठतो, हात धुतो, आरशात भांग बघतो, बाहेर येतो. पिस्तूल आतच राहतं.

म्हणून ते काढायचंच नाही. पँट खाली गेली की होल्स्टरसकट ते पँटच्या झोळीतच राहू द्यायचं, दोन पायांच्या मध्ये. उठताना आपोआप सोबत येतं. छप्पन वर्षांची बाई मी, खुर्चीवर बसून हे करून दाखवते आणि पुढच्या रांगेतले बाप्ये लाजून छताकडे बघतात. त्यांचे बाकीचे प्रश्न मात्र ठरलेले असतात. उन्हाळ्यात सदरा पातळ, आतलं दिसतं, काय करू? मोटारीत बसलं की पोटात रुततं, काय करू? मेहुणा मिठी मारतो आणि त्याचा हात लागतो, काय करू? मी म्हणते, मेहुण्याचं मेहुण्याला विचारा, आधी संडासाचं पाठ करा.

पाच वर्षांपूर्वी याच वर्गात पुढच्या रांगेत माझा थोरला भाऊ बसला होता. दादाचं कुलपांचं दुकान आहे. अर्ध्या गावाच्या तिजोऱ्या त्याने बसवल्यात. एका संध्याकाळी दोघं जण दुकानात शिरले, त्याला लोखंडी कांबीने मारलं आणि त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकडं करून गेले. त्यानंतर तो झोपेना. बायको गेलेली, दुकानात एकटा, रस्त्याने जाताना दर दहा पावलांवर मागे बघायचा. मीच त्याला म्हटलं, परवाना काढ. मीच शिकवलं आणि त्याच्या कागदावर सही पण मीच केली. तेव्हा कुठे त्याला थोडी झोप लागायला लागली, आणि मला वाटलं, चला, भावासाठी काहीतरी केलं.

घरात हे फक्त त्याच्या सुनेला पटलं नव्हतं. ती शांत बाई आहे, आवाज चढवत नाही, पण बोलायचं ते बोलते. "बाबा, घरात लहान लेकरू आहे," एवढं ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि नंतर दर महिन्याला एकदा म्हणायची. दादाला ते नाकाला मिरची झोंबल्यासारखं लागायचं. "मी तिजोऱ्या बसवतो, मला शिकवू नकोस," असं म्हणून तो उठून जायचा. माझा भाचा, म्हणजे तिचा नवरा, दोघांच्या मध्ये बसून ताटाकडे बघायचा. त्याला देवाने तोंड फक्त जेवायला दिलंय.

गेल्या रविवारी सगळी माझ्याकडे जेवायला आली होती. दादा, भाचा, सून आणि त्यांची चार वर्षांची पोरगी. तीनच्या सुमारास निघाली. मोटार वळेपर्यंत मी हात हलवला, आत येऊन भांडी आवरली आणि संडासात गेले. टाकीवर दादाचं पिस्तूल होतं.

आणि शेजारी एक क्लिप. पिवळी, कासवाच्या आकाराची, पोरीच्या केसांतली. पडलेली नव्हती. पिस्तुलाला लागून, सरळ, नीट मांडून ठेवलेली होती, ती बाहुलीपुढे वस्तू मांडते तशी. तिच्यासाठी ठेवलेलं लाकडी स्टूल बेसिनखालून टाकीपाशी सरकवलेलं होतं.

मी पिस्तूल उचललं. आधी मॅगझिन काढलं, मग स्लाइड ओढली. नळीतली गोळी बाहेर पडली आणि फरशीवर टुणटुणत भिंतीपर्यंत गेली. म्हणजे भरलेलं होतं. चाप ओढायला जेवढा जोर लागतो तेवढा चार वर्षांच्या पोराच्या दोन अंगठ्यांत असतो, हे मी वर्गात बावीस वर्षं सांगत आले. मी कमोडचं झाकण टाकलं आणि त्यावर बसले. मग जो राग आला, तो मी काय सांगू! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी ती गेली आणि तिथेच बसली.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मला कोणी सांगायला नको. हरवलेलं हत्यार सापडलं तर त्याच दिवशी मालकाला नाहीतर पोलिसांना द्यायचं, हा नियम मी स्वतः फळ्यावर लिहिते. पण मंगळवारी दादाची माझ्याकडे फेरपरीक्षा होती. परवाना नवा करायचा तर स्वतःचं पिस्तूल घेऊन यायचं, त्यावरचा नंबर कागदाशी ताडायचा, दहा गोळ्या झाडायच्या आणि मी सही करायची. म्हटलं, बघू तरी या शहाण्याला कधी आठवतंय. आज रात्री फोन येईल, घाबराघुबरा होऊन विचारेल, मग याची अशी हजामत करीन की जन्मात विसरणार नाही. काय बोलायचं ते मी भांडी पुसता पुसता पाठसुद्धा केलं. खोटं कशाला बोलू, कोणाला असा धडा शिकवायला मिळाला की मला बरं वाटतं. पिस्तूल, गोळ्या आणि क्लिप एका पिशवीत घातली आणि रेंजवरच्या माझ्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवली.

रात्री फोन आला नाही. सोमवारी दुपारी मीच केला.

"काय दादा, सगळं ठीक?"

"ठीक आहे की. का गं?"

"काही नाही, सहज. उद्या येतोयस ना? सगळं घेऊन ये."

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे याला अजून पत्ताच नाही, असं मला वाटलं. कमरेवरून पाऊण किलो उतरलं तरी पत्ता नाही! किंवा पत्ता आहे आणि माझ्याशी खोटं बोलतोय. दोन्हीपैकी काहीही असो, माझी आग दुप्पट झाली. मी ठरवलं की आता चार लोकांसमोरच पिशवी टेबलावर ठेवायची. भाऊ असशील तर घरी.

मंगळवारी सकाळी आठ जण परीक्षेला होते. दादा सगळ्यांच्या आधी आला. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, पण डोळे सुजलेले. त्याने मला खुणेने ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"छोटे, रेंजवरचं एखादं पिस्तूल दे आज. माझं घरी राहिलं."

"घरी कुठे?"

"तिजोरीत."

"मग जाऊन घेऊन ये. तास लागेल. मी थांबते."

तो खुर्चीत बसला. वाकडं बोट दुसऱ्या हाताने चोळायला लागला. ही त्याची जुनी खूण आहे, खोटं पुढे सरकत नसलं की तो बोट चोळतो.

"सापडत नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे, कुठे आहे ते मला माहीत आहे. सुनेने लपवलंय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"दुसरं कोण लपवणार? पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत सलतंय ते. रविवारी रात्री तिजोरीत ठेवायला गेलो तर होल्स्टर रिकामं. गाडी बघितली, दुकान बघितलं. मग डोक्यात उजेड पडला. काल सकाळी तिचं कपाट उचकलं. पर्स उलटी केली. गादीखाली बघितलं."

"तिच्यासमोर?"

"समोरच. लपवाछपवी मला येत नाही. म्हटलं, मुकाट्याने काढून दे, नाहीतर पोलिसांना सांगतो की घरात चोर आहे."

"आणि ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? नाही म्हणाली. रडली. नवरा बसला मूग गिळून. मी म्हटलं, कबूल करायचं नसेल तर या घरात राहायचं नाही. गेली पोरीला घेऊन आईकडे." तो थोडा पुढे वाकला. "आणि तुला सांगतो छोटे, काय बनेल बाई आहे ती. पोरीलासुद्धा पढवून ठेवलंय. मी कपाट बघतोय आणि ती चार वर्षांची कार्टी येऊन मला सांगते, आजोबांचं काळं आत्याआजीच्या संडासात आहे. एवढ्याशा पोरीला खोटं बोलायला शिकवायचं? दिला एक धपाटा ठेवून."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. बाहेर कोणीतरी टारगेटचे पुठ्ठे मोजत होतं, ते ऐकू येईनासं झालं.

"तू तिला मारलंस," मी म्हटलं.

"धपाटाच. लागला नाही काही."

"पोरीने तुला जागा सांगितली. माझं नाव घेऊन सांगितली. तू मला फोन करून विचारलं का नाहीस?"

त्याने बोट चोळायचं थांबवलं. "तुला कशाला विचारू? परीक्षा तूच घेणार."

"म्हणजे तुझ्या मनात आलं होतं."

"माझ्या मनात काही आलं नव्हतं."

"दादा, काल दुपारी मी फोन केला तेव्हा ती घरातून गेली होती?"

"सकाळीच गेली."

मी उठले, कपाट उघडलं आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. पिस्तूल, मॅगझिन, सुटी गोळी, कासव. त्याचा हात पिस्तुलाकडे गेला.

"हात लावू नकोस."

"हे तुझ्याकडे कसं?"

"माझ्या टाकीवर होतं. भरलेलं, नळीत गोळी होती. आणि ही क्लिप त्याला टेकून ठेवलेली होती. स्टूल ओढून चढली होती ती. तुझं पिस्तूल बघून, त्याच्याशी खेळून, आपली क्लिप तिथे मांडून ती बाहेर आली आणि आपण चौघं बाहेर गप्पा मारत बसलो होतो. तू मोठ्याने हसत होतास."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. क्षणभरच. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता हा काय म्हणणार. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

"रविवारपासून तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. "आणि तू गप्प बसलीस. काल फोन करून विचारतेस, सगळं ठीक? माझं घर मोडत होतं आणि तू इथे कुलूप लावून मजा बघत बसलीस."

"हो," मी म्हटलं. "बसले. ते माझं पाप. तुझं तू बघ."

"जाऊ दे आता. तू पण चुकलीस, मी पण चुकलो. सापडलं ना? नंबर बघ, सही कर." त्याने सदऱ्याची बाही सारखी केली. "घरी सांगतो गाडीत सीटखाली सापडलं."

"आणि सुनेला?"

"तिलाही तेच. येईल परत दोन दिवसांत. तिला हे सगळं सांगितलं तर जन्मभर माझ्या डोक्यावर बसेल."

मी चिडखोर आहे, साऱ्या गावाला माहीत आहे. पण अशी मी कधीच चिडले नव्हते. ज्या पोरीने खरं सांगितलं तिला मार. जिने काही केलं नाही तिची पर्स जमिनीवर. आणि हा बाही सारखी करतोय! मला वाटलं टेबल उचलून त्याच्या अंगावर टाकावं. टेबल लोखंडी होतं म्हणून राहिलं.

"दादा, ऐक," मी म्हटलं. "तू आज नापास. नेमात नाही, त्याआधीच. पिस्तूल हरवलं तर चोवीस तासांत कळवायचं असतं, तू कळवलं नाहीस. मी आत्ता लिहून देतेय. रविवारपासून काय झालं ते सगळं. हे पिस्तूल पोलिसांकडे जमा होईल."

"सख्ख्या भावाचा परवाना घालवशील?"

"माझाही जाईल. दुसऱ्याचं हत्यार मी दोन दिवस दाबून ठेवलं. तेही लिहितेय."

"वेडी आहेस का? कोणाला कळणार आहे? इथे तू आणि मी सोडून कोण आहे?"

"पोरगी आहे," मी म्हटलं.

तो उठला. दारापाशी जाऊन थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "छोटे, मला पुन्हा झोप लागणार नाही." ते खरं होतं. पाच वर्षांपूर्वीचा त्याचा चेहरा मला आठवला. तरी मी कागद पुढे ओढला. तो गेल्यावर मी दोन पानं लिहिली. रेंजचा मॅनेजर वाचून म्हणाला, "बाई, यात तुमचं नाव कशाला घालताय? सापडलं आणि जमा केलं, एवढं पुरे की." मी म्हटलं, मी जसं लिहिलंय तसंच पाठवा. मग बाकीच्या सातही जणांना परत पाठवलं. एकाने दबक्या आवाजात विचारलं, संडासबाई आज परीक्षा का घेत नाहीत? मी ऐकलं आणि त्याला म्हटलं, कारण बाई नापास झाल्या.

दुपारी मी सुनेच्या आईकडे गेले. दुसरा मजला, अरुंद जिना, आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. आई कपडे शिवते. दार सुनेने उघडलं. केस नुसते बांधलेले, अंगावर कालचेच कपडे असावेत. मला बघून ती बाजूला झाली नाही. दारातच उभी राहिली.

"त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. मी माझी आले."

मी क्लिप पुढे केली. तिने ती घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. टाकी, स्टूल, नळीतली गोळी, कपाट, सोमवारचा फोन. काही सोडलं नाही. मध्ये कुठेतरी मशीन थांबलं. गोळीचं ऐकताना तिने चौकट घट्ट धरली आणि बोटं पांढरी पडली. सोमवारच्या फोनचं ऐकल्यावर मात्र तिने हात खाली सोडला.

"रविवारी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आत्या, मी स्वतः तिला ओरडले. बाबांनी मारल्यावर मी तिला म्हटलं, कशाला असलं काहीतरी बोलतेस, तुझ्यामुळे ते आणखी चिडतात. काल सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही."

माफ कर म्हणायला तोंड उघडलं तर ते इतकं थिटं वाटलं की मी ते परत मिटलं. तिने मागे वळून हाक मारली. पोरगी आली, आईच्या मागे उभी राहून एका डोळ्याने माझ्याकडे बघायला लागली. हातात चिंध्यांचा बोळा होता.

"मला नका सांगू," सून म्हणाली. "तिला सांगा."

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. बावीस वर्षं मी मोठमोठ्या मिशावाल्यांना घाम फोडलाय, पण त्या एका डोळ्यासमोर मी आधी जमिनीकडे बघितलं.

"तू आजोबांना सांगितलंस ना, त्यांचं काळं माझ्याकडे आहे? ते खरं होतं. तू खरं बोललीस. आम्हीच खोटे."

तिने दुसरा डोळाही बाहेर काढला. मग म्हणाली, "आजोबांना ओरडलीस?"

"ओरडले."

"जोरात?"

"खूप."

"तुलापण माहीत होतं?"

"मलाही माहीत होतं."

"मग तुला कोण ओरडलं?"

मी वर बघितलं. सून माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, हसू तर नव्हतंच. इतकी वर्षं तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला दिसलं की तो आता चढणार.

"अजून कोणी नाही," मी पोरीला म्हटलं.

सुनेने क्लिप तिच्या केसांत लावली आणि तिला आजीकडे पाठवलं. मशीनच्या खोलीचं दार लावून घेतलं. मग ती बाजूला झाली.

"आत या, आत्या," ती म्हणाली. "बसा."

मी चपला काढल्या, आत जाऊन भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर ठेवले.